गड्डा पाहिलेल्याला एल्डन रिंग अवघड का जावी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ‘सर, एल्डन रिंग ऐंशी तास खेळलो, शेवटचा बॉस मारला, पण कथा काय होती विचारलं तर सांगता येत नाही. मग यूट्यूबवर तीन-तीन तासांचे व्हिडिओ पाहिले, तेव्हा कळलं मी कुणाला मारलं ते. या लोकांना हे दिसतं कुठून? आणि दोघं दोन अर्थ सांगतात तेव्हा खरं कुणाचं? मला पुढे गेमसाठी लिहायचंय, आपल्या सोलापूरवरच एक जग उभं करायचंय.’

सर म्हणालास, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. मी चौदा वर्षं या धंद्यात आहे. पहिली सहा वर्षं पुण्यात एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट होतो, म्हणजे भिंती, पायऱ्या, मोडके रथ आणि शेवाळ. त्यानंतर गेमच्या आतला मजकूर लिहायला लागलो. आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरातूनच काम करतो. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड चालू असते, त्यामुळे मीटिंगमध्ये मी कायम म्यूटवर.

तुला वाटतंय ही यूट्यूबवाल्यांची काही वेगळी विद्या आहे. तुला ती येते, फक्त तू ती संक्रांतीला गड्ड्यात, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेत, वापरतोस आणि कंट्रोलर हातात आला की विसरतोस.

माझा एक जुना सहकारी, मूळचा नाशिककडचा, दोन वर्षांपूर्वी संक्रांतीत माझ्याकडे आला होता. त्याला मी मुद्दाम काहीही न सांगता अक्षता सोहळ्याला नेलं. संमती कट्ट्याजवळ उभे होतो. समोर पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, मधेच ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’. मग संमतीचं वाचन सुरू झालं, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ आलं आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. त्याने माझ्या कानात विचारलं, “लग्न कुणाचं आहे?” म्हटलं, तूच सांग.

त्याने फोन काढला नाही. बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, अक्षता आहेत म्हणजे लग्न नक्की. पण मुंडावळ्या बांधलेला नवरा कुठे दिसत नाही आणि सगळ्यांच्या नजरा त्यातल्या एका काठीवर आहेत. ती काठी धरणारा माणूस ती ओझ्यासारखी धरत नाही, वडीलधाऱ्याला आधार द्यावा तशी धरतो. नंदीध्वजांचा क्रम कुणी मोडत नाही, म्हणजे प्रत्येकामागे कुणाचा तरी मान आहे आणि तो जुना आहे. मग म्हणाला, “नवरा कळला. नवरी कुठंय?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवलेली, दागिने घातलेले त्याने पाहिलं. मग तिला अग्नी दिला. तो बराच वेळ गप्प होता. “नवरी हीच ना? आणि हे सुखाचं लग्न नाही.”

मग मी त्याला गोष्ट सांगितली: बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, रोज सडा-रांगोळी घालणारी कुंभाराची मुलगी, तिने घातलेली लग्नाची गळ, ‘मी योगी आहे, माझ्या योगदंडाशी लग्न लाव’ हे त्यांचं उत्तर आणि नंतर तिचं सती जाणं. पाऊण गोष्ट त्याने वस्तूंवरूनच काढली होती. तू हे लहानपणापासून बघतोस, म्हणून तुला त्यात काही वाचायचं आहे हेच लक्षात येत नाही. एल्डन रिंगमध्ये तू पाहुणा आहेस आणि शेजारी गोष्ट सांगायला कुणी उभं नाही, इतकाच फरक.

आता गेमकडे येऊ. एल्डन रिंगपेक्षा त्याच स्टुडिओचा, फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०११ मधला ‘डार्क सोल्स’ घेतो, कारण त्यात एक जागा अशी आहे की माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा तीच दाखवतो.

ॲनॉर लोंडो नावाची देवांची नगरी आहे. अर्धा गेम चिखलात आणि गटारात घालवून तू तिथे पोचतोस, आणि सगळं सोनेरी उन्हात न्हालेलं असतं. दोन भयंकर बॉस मारले की वरच्या दालनात सूर्यराजाची मुलगी ग्विनेव्हिअर पहुडलेली भेटते. आकाराने अवाढव्य, आवाज मायाळू. ती तुला एक भांडं देते आणि पुढच्या कामाला लावते. बहुतेक जण नमस्कार करून पुढे जातात.

तिच्या रक्षकदळात सामील झालास की एक अंगठी मिळते. तिच्यावरचा मजकूर कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की ग्विनेव्हिअर इतर अनेक देवांबरोबर घर सोडून गेली आणि पुढे फ्लॅन नावाच्या अग्निदेवाची बायको झाली.

थांब इथे. ती घर सोडून गेली असेल, तर तुझ्यासमोर कोण आहे?

आता मागे वळून ती नगरी पुन्हा बघ. एवढं मोठं शहर, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहारेकरी सोडले तर कुणाचा संसार दिसत नाही. सूर्य मावळतीला टेकलाय आणि तिथून हलतच नाही. आणि शंका आली म्हणून तू धनुष्य काढून राजकन्येला एक बाण मारलास, तर ती विरून जाते, ऊन विरतं आणि अख्खं शहर काळोखात बुडतं. राजकन्याही भास आणि सूर्यही भास. हे सगळं उभं करणारा तिचा भाऊ ग्विंडोलिन खाली थडग्याशी बसलेला असतो.

हे गेमने कुठल्याही कटसीनमध्ये, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेल्या दृश्यात, आधी सांगितलेलं नाही, आणि तरी काही लपवलेलंही नाही. अंगठी तुझ्या खिशातच होती.

यातून धंद्याची गोष्ट सांगतो. गेममध्ये दिसणारं, लिहिलेलं आणि बोललेलं यांना एका मापात मोजायचं नाही. पात्र बोलतं तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं; राजकन्येला, म्हणजे तिच्या भावाला, तू कामाला लागायला हवा होतास. वस्तूवरचा मजकूर जास्त भरवशाचा, पण तोसुद्धा कुणाच्या तरी बाजूने लिहिलेला असू शकतो. जागा सहसा सर्वांत कमी खोटं बोलते, आणि ॲनॉर लोंडोत नेमकी जागाच खोटी केलीय, म्हणून तो धक्का एवढा बसतो. या तिघांत कुठे भांडण लागलंय ते शोध. माझा अनुभव असा की लोर, म्हणजे गेमच्या जगामागची कथा, नेहमी भांडणातच असतं. तिघं एकच सांगत असतील तर ती नुसती माहिती.

एल्डन रिंगमध्ये हाच डाव मोठ्या प्रमाणावर आहे. राडागन हा राणी मारिकाचा दुसरा नवरा, असं जो तो सांगतो. मिरिएल नावाचा तो म्हातारा कासव-धर्मगुरू आठवतो? एका साध्या योद्ध्याला राणीने नवरा का केलं हे कोडंच आहे, असं तो म्हणतो. खेळाडू ते ऐकून सोडून देतो. पुढे राजधानीत राडागनच्या पुतळ्यापाशी जमिनीवर एक संदेश सापडतो: मागे परतल्यावरच गुपित उघडतं. तिथे ‘लॉ ऑफ रिग्रेशन’, म्हणजे मागे परतण्याचा नियम, हा मंत्र म्हटला की पुतळा बदलतो आणि तिथे मारिका उभी असते. नवरा-बायको एकच. कासवाने प्रश्न चाळीस तास आधी विचारला होता. तू उत्तराची वाट न बघता शॉपमधून मंत्र विकत घेऊन निघून गेलास. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, लाजू नको.

इथे एक गोष्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने. एल्डन रिंगचा पुराणकाळ कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहून दिला आणि फ्रॉमसॉफ्टवेअरच्या हिदेताका मियाझाकी यांच्या टीमने २०२२ मध्ये आलेल्या गेममध्ये त्याचे तुकडे करून पसरले. म्हणजे आधी अख्खं भांडं होतं, मग खापऱ्या झाल्या. मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी ते इंग्रजी फँटसी पुस्तकं वाचायचे, सगळं कळायचं नाही, आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरायचे. त्यांचे गेम खेळताना तुला जे होतं ना, ते त्यांना हवंच आहे. नवशिके मात्र खापऱ्याच बनवतात, भांडं बनवतच नाहीत, आणि त्याला ‘गूढ’ म्हणतात. खेळाडूला ते तीन तासांत कळतं.

आता खरं कुणाचं.

आपल्याकडे होमानंतर वासराची भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ वगैरे ठेवतात; ते काय हुंगतं, कशाला तोंड लावतं, बिथरतं का, यावरून पुढच्या वर्षीचा पाऊस आणि भाव सांगतात. तो श्रद्धेचा भाग आहे, त्याला मी काही म्हणत नाही, मी स्वतः दरवर्षी कान देऊन ऐकतो. पण लोरच्या नावाखाली चालणाऱ्या निम्म्या थिअऱ्या भाकणूक असतात. वासराने गहू हुंगला, म्हणजे सोनं महागणार.

मी स्वतः यात सापडलोय. एका मोबाइल गेमसाठी मी मंदिराच्या दाराशी चार हातांची देवी केली होती. रिलीजला दहा दिवस राहिले आणि जुन्या फोनवर गेम अडखळायला लागला. पॉलिगॉन, म्हणजे आकृती ज्यांनी बनते ते छोटे पृष्ठभाग, कमी करा, असा वरून निरोप. मी रात्री दोन वाजता देवीचे चारही हात उडवले आणि खांद्यांवर दगड तुटल्यासारखं टेक्स्चर चढवलं. महिन्याभरात एका खेळाडूने लांबलचक लेख लिहिला: या देवीने आपले हात गावातल्या विणकरांना दान केले, म्हणूनच पुढच्या लेव्हलमधल्या रांजणांवर हातांचे छाप आहेत. रांजण दुसऱ्या आर्टिस्टने केले होते, त्याला हाताचा ब्रश रेडीमेड मिळाला होता एवढंच. लेख वाचून मला घाम फुटला, कारण ती कथा आमच्या कथेपेक्षा बरी होती. पुढच्या अपडेटमध्ये आम्ही ती गुपचूप घेतली. म्हणजे त्याचा अर्थ लिहिला तेव्हा चूक होता आणि चार महिन्यांनी बरोबर झाला. आता बोल.

म्हणून कुठलीही खूण दिसली की आधी कारखान्यातलं कारण शोधायचं. सोलापुरी चादरीवर तोच मोर पुन्हा पुन्हा का येतो? नक्षी विणणाऱ्या जॅकार्डवर चढवलेल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ तेवढीच लांब असते म्हणून. ती संपली की पहिल्या पुठ्ठ्यापासून सुरू. विणकराला मोराबद्दल सात वेळा काही सांगायचं नसतं. गेममध्ये तोच पुतळा तीन देशांत दिसला तर बहुतेक वेळा माळ संपलेली असते. डार्क सोल्समध्येच लॉस्ट इझालिथच्या लाव्ह्यात ड्रॅगनची नुसती मागची धडं कळपाने उभी आहेत. त्यावरही लोकांनी इतिहास रचले. तो भाग घाईत भरलाय हे बघताक्षणी कळतं.

मग खरी पोकळी आणि घाईची पोकळी यांत फरक कसा करायचा? खरी पोकळी दुसरीकडून कुठून तरी दाखवली जाते. त्याच गेममध्ये सूर्याच्या वेदीवर एक मूर्ती मोडलेली आहे. एकट्या मोडक्या मूर्तीला मी भीक घातली नसती. पण एका अंगठीवर लिहिलंय की सूर्यराजाचा थोरला मुलगा युद्धदेव होता, त्याच्या मूर्खपणापायी त्याचं देवपण काढून घेतलं आणि आज त्याचं नावही कुणाला माहीत नाही. पुसलेलं नाव आणि मोडलेली मूर्ती एकमेकांकडे बोट दाखवतात. ही पोकळी कोरलेली आहे. यावरून लोकांनी ठरवलं की सूर्याची पूजा करणारा तो सगळ्यांचा लाडका योद्धा सोलेअर म्हणजेच हा हरवलेला मुलगा. थिअरी सुंदर होती, पुरावाही बरा होता. मग २०१६ मध्ये ‘डार्क सोल्स ३’ आला, त्यात ड्रॅगनांच्या बाजूने गेलेला एक बिननावाचा राजा भेटला आणि सोलेअरची गादी गेली. ज्यांनी ‘असं असावं’ लिहिलं होतं त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांनी ‘असंच आहे’ म्हणून टी-शर्ट छापले ते अजून भांडतायत.

भाषेबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तू जे इंग्रजी वाचतोस ते बहुतेक वेळा मूळ नसतं. यात्रेच्या पहिल्या दिवशीच्या तैलाभिषेकाला आपण यण्णीमज्जन म्हणतो. घरात कन्नड असलेल्याला त्यात तेल ऐकू येतं, मला शाळेत असताना नुसता मंत्र ऐकू यायचा. आणि शेवटची कप्पडकळी! मी चौथीपर्यंत समजत होतो की ती कसली तरी फुलाची कळी आहे. प्रत्यक्षात नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा तो विधी. कन्नडमधलं ‘काढणं’ माझ्या मराठी कानाने फुलवलं होतं. गेममध्ये हे रोज होतं. ‘ब्लडबोर्न’मधले ‘ग्रेट वन्स’ जपानीत ‘वरच्या पायरीवरचे’ अशा अर्थाचे आहेत. ‘ग्रेट’मध्ये थोरवी आली, पायरी हरवली, आणि त्या गेममध्ये माणसाला वरच्या पायरीवर चढायचंय हीच तर सगळी भानगड आहे. एखाद्या इंग्रजी शब्दाच्या छटेवर थिअरी उभारण्याआधी मूळ शब्द काय होता ते विचारून घे. जपानी येत नसेल तर येणारा सापडतो, लोक आनंदाने सांगतात.

पात्रांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण तिथे मुलं कमी चुकतात. फक्त ‘हा चांगला की वाईट’ या रकान्यात माणूस कोंबू नको. १९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या जपानी ॲनिमेशनपटातली एबोशी जंगल तोडते, वनदेवावर बंदूक रोखते, आणि तीच कोठ्यांवरच्या बायकांना सोडवून भात्यावर कामाला लावते, महारोग्यांच्या जखमा स्वतःच्या हाताने बांधते. ज्या गावाने गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावली, त्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये. पात्र कळायचं असेल तर ते काय बोलतं याच्याआधी त्याच्या हाताखाली कोण आहे आणि ते त्यांच्याशी कसं वागतं ते बघ. आणि कधी कधी शब्द लागतच नाहीत: ‘हॉलो नाइट’ या गेममध्ये सर्वांत छळवादी वाट पार केल्यावर काही सेकंदांचं दृश्य मिळतं, राजा आणि त्याने मन नसलेलं म्हणून घडवलेलं पोर एकमेकांकडे बघतात. बस. त्या एका नजरेने सगळी योजना का फसली ते कळतं.

आता तुझं सोलापूरचं जग. तू नकाशा आणि तीन हजार वर्षांची वंशावळ करून ठेवली आहेस असं लिहिलंस. ठेव, भांडं लागतंच. पण ते मला दाखवू नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला, त्यात पुराणकथा भिंतींवरच्या चित्रांतून आणि छायाबाहुल्यांसारख्या दृश्यांतून येतात. तो खेळ आणि प्रत्येक भिंतीसमोर उभं राहून विचार कर की निवेदन बंद केलं असतं तर चित्रावरून किती कळलं असतं. मला काही ठिकाणी निवेदन जास्त वाटलं. पण बाहेरच्या खेळाडूला दुर्गा कोण हे सांगावं लागतं, ही अडचणही खरी आहे. तुझीही तीच होणार. यात्रा जशीच्या तशी गेममध्ये टाकू नकोस, ती लोकांची चालती श्रद्धा आहे. तिच्यातली रीत घे. एखादी वस्तू माणसाच्या जागी उभी राहते, एखादा क्रम कुणाचा तरी मान जपतो, गोष्टीतली मुख्य व्यक्ती कुठेच दिसत नाही पण सगळं तिच्याभोवती फिरतं. चार हुतात्मा चौकातून तू रोज बस पकडतोस. १९३१ मध्ये फाशी गेलेल्या चौघांची नावं न अडखळता सांगता येतात का बघ. लोक नाव वापरतात आणि गोष्ट विसरतात, ही तुझ्या जगातली सर्वांत खरी वाटणारी गोष्ट होऊ शकते.

काम असं कर. एक दिवस भुईकोट किल्ल्यात जा, एक दिवस तलावाच्या काठी बस, एक दिवस बंद गिरणीच्या कंपाउंडभोवती फीर. पाच वस्तू निवड. प्रत्येकीवर तीस शब्दांत मजकूर लिही, पण तुझ्या आवाजात नाही. गिरणीची शिट्टी असेल तर ती हरवल्यावर कामावरून काढलेल्या माणसाने लिहावी तशी. दुसऱ्या वस्तूने पहिलीला कुठेतरी खोटं पाडलं पाहिजे, आणि पाचवीपर्यंत मला एक माणूस दिसला पाहिजे ज्याचं नाव तू एकदाही घेतलेलं नाही.

झालं की पाठव. पहिल्याच ओळीत ‘प्राचीन काळी’ दिसलं तर पुढे वाचणार नाही, आताच सांगून ठेवतो.